रमाईला शिकायचे असेल, तर तिची रमाई कोण होणार?



आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. वर्गणी गोळा करून आम्ही तिची अभ्यासिका केली. टेबले आली, खुर्च्या आल्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला. दारावर नियमांचा फलक लावला. त्यातला चौथा नियम होता : ‘लहान मुलांना आत आणू नये.’ हा नियम लिहिताना आमच्यापैकी कुणालाही त्यात वावगे वाटले नाही. अभ्यास करणाऱ्या पोरांना शांतता हवी, एवढाच विचार डोक्यात होता.

मागच्या उन्हाळ्यात एक ताई त्या दारात आली. बी.ए.चे दुसरे वर्ष. कडेवर दीड वर्षाचे लेकरू, दुसरे चार वर्षांचे पदर धरून. तिला तास दोन तास बसून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायच्या होत्या. आमच्यातल्या एकाने फलकाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “ताई, लेकरांना बाहेर ठेवून या.”

“बाहेर कुठं ठेवू दादा?” एवढेच ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या पोराचा दोष नव्हता. नियम आमचा होता. या लेखात आम्ही सरकारला, विद्यापीठाला, कायद्याला जाब विचारणार आहोत, पण सुरुवात आमच्या दारापासून करतो. शिक्षणाचा मंत्र ज्या चळवळीने घराघरात नेला, तिच्याच अभ्यासिकेच्या दारातून एक आई परत गेली. हे आधी लिहिले नाही, तर पुढचे लिहिण्याचा हक्क आम्हाला नाही.

रमाईचा हिशेब

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण रमाई जयंती करतो. भाषणे होतात. रमाईने उपाशी राहून संसार केला, बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा परळच्या चाळीत हलाखीत दिवस काढले, पोटची लेकरे गमावली, हे सांगताना वक्त्याचा गळा दाटून येतो आणि ऐकणाऱ्यांचाही. पाच लेकरांपैकी गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार गेली. एक यशवंत जगला. १९३५ साली रमाई स्वतः गेली.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुन्हा १९२० ते १९२३ लंडनमध्ये राहिले. त्या पदव्यांमागे बाबासाहेबांची प्रज्ञा होती, त्यांची मेहनत होती, बडोदा आणि कोल्हापूरकडून मिळालेली मदत होती. आणि मुंबईत एक बाई होती, जी घर आणि लेकरे सांभाळत होती. बाबासाहेबांना ही जाणीव होती. पाकिस्तानवरचा आपला मोठा ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीस अर्पण केला.

आता एक साधा प्रश्न विचारू. पुरुष शिकतो तेव्हा त्याच्या मागे रमाई असते. आई असते, बायको असते, बहीण असते. पण रमाईनेच शिकायचे ठरवले तर? तिच्या मागे कोण उभे राहते? तिच्या लेकराला तासभर कोण घेते? परीक्षेच्या दिवशी चूल कोण पेटवते?

रमाईच्या त्यागावर आपण शेकडो गाणी केली. तिच्यासारखा त्याग पुन्हा कुणा बाईला करावा लागू नये, यासाठी काय केले? त्यागाचे गुणगान करणे सोपे असते, कारण त्यात आपल्याला काही सोडावे लागत नाही.

जंगलाचे वेळापत्रक आणि परीक्षेचे वेळापत्रक

चंद्रपूर-गडचिरोलीतली ही विद्यार्थिनी कोण आहे, ते नीट पाहिले पाहिजे. बारावी झाली, लग्न झाले, वर्ष-दोन वर्षांत लेकरू झाले, शिक्षण सुटले. दुसरे लेकरू जरा मोठे झाले तेव्हा तिला पुन्हा वाटू लागले की शिकावे. बचत गटाचा हिशेब ती लिहिते, ग्रामसभेत बोलते, पण जिथे जाहिरात निघते तिथे ‘पदवीधर’ हा शब्द आडवा येतो. म्हणून तिने नाव घातले. ती बौद्ध आहे, गोंड आहे, माडिया आहे, ढिवर आहे, कुणबी-तेली घरातलीही आहे.

तिचे वर्ष विद्यापीठाच्या कॅलेंडरवर चालत नाही. प्रवेशाची धावपळ असते जून-जुलैत. त्याच वेळी झाडीपट्टीत धानाची रोवणी सुरू होते. बांधीत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणारा हात बहुतेक बाईचाच असतो, आणि वर्षातल्या खात्रीच्या मजुरीचे ते मोजके दिवस. त्या दिवसांत कोण ऑनलाइन फॉर्म भरायला तालुक्याला जाईल? हिवाळी परीक्षा येते तेव्हा धान कापणीला आलेले असते. जानेवारीनंतर कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसे पायी परत येताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, तोवर ती कुणाला दिसत नव्हती. परत येतात तर मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, आणि एप्रिलअखेर ते मे महिना तेंदूपत्ता. उन्हाळी परीक्षा नेमक्या याच सुमारास.

तेंदूपत्त्याचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजाडायच्या आत जंगलात जायचे. ऊन चढेपर्यंत पाने तोडायची. ओझे घेऊन घरी यायचे. मग सगळ्या घराने बसून ७० पानांचे एक पुडके अशी पुडकी बांधायची आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायची. अशी हजार पुडकी झाली की एक गोणी धरतात. म्हणजे सत्तर हजार पाने. या हंगामाच्या पैशावर पावसाळ्याचे बियाणे, लेकरांच्या वह्या, दवाखाना चालतो. हा हंगाम सोडून पेपर दे, असे त्या बाईला सांगणे म्हणजे वर्षभराची रोकड सोड असे सांगणे. आणि ही पाने काही फुकट मिळत नाहीत. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यातल्या प्रत्येक बाईच्या घरी तिची वाट पाहणारी लेकरे असतात.

अंतराचे तर बोलायलाच नको. सिरोंच्यापासून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. पुण्या-मुंबईत ‘ती नियमित येत नाही’ म्हणजे आळस असेल. इथे त्याचा अर्थ नदी, रोवणी किंवा तापाने फणफणलेले लेकरू असा असतो. ७५ टक्के हजेरीच्या नियमाला हा फरक कळत नाही.

गोंडवाना विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले, ते या दोन जिल्ह्यांची गरज वेगळी आहे म्हणूनच. गरज वेगळी असेल तर वेळापत्रकही वेगळे असायला नको का?

आणि वेळापत्रक बदलणे ही काही अशक्य गोष्ट नाही. आपल्या परंपरेतच तिचे पुरावे आहेत. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. आधी कामावरून सुटी घ्या आणि मग शिकायला या, असे त्यांनी कुणाला सांगितले नाही. विद्यार्थी जसा आहे तसा पाहिला आणि कॉलेजचे घड्याळ त्याच्याप्रमाणे लावले.

कागदावरची बाई

वेळ जमवला तर कागद अडवतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर बापाचे नाव, आडनाव माहेरचे. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा. आधार लग्नानंतरच्या नावाचे. बँकेचे खाते तिसऱ्याच स्पेलिंगचे. शिष्यवृत्तीच्या पोर्टलला हे तिघे एकच बाई आहेत हे समजत नाही. मग राजपत्रात नाव छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा, शिक्षणात खंड पडला म्हणून गॅप सर्टिफिकेट द्या. उत्पन्नाचा दाखला माहेरचा की सासरचा, यावर दोन टेबलांवर दोन उत्तरे. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. कडेवर लेकरू घेऊन रांगेत उभे राहायचे ते वेगळेच.

यातली एकही अडचण पुरुषाला नाही. लग्नाने त्याचे नाव बदलत नाही. म्हणजे पितृसत्ता आधी बाईचे नाव बदलते आणि मग नाव बदलल्याबद्दल तिलाच दंड करते. आमच्या तरुणांना आम्ही सांगतो, हे काम तुमचे आहे. मोबाइलवर दिवसभर पोस्ट टाकता, वाद घालता, चांगली गोष्ट आहे. त्यातली एक दुपार काढा आणि वस्तीतल्या चार बायांचे कागद जुळवून द्या.

कायद्याला कोणती आई दिसते?

आता कायद्याकडे येऊ. कारण आपण बाबासाहेबांची लेकरे आहोत आणि हक्काची भाषा आपल्याला कळते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती आणि पैसे मिळावेत, असा त्याचा आशय. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि तिच्या श्रमातून मालकाचा फायदा होतो म्हणून त्यानेही वाटा दिला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीत काम करणाऱ्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्ती आणली. चंद्रपूर कोळशाचा जिल्हा आहे. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी इथल्या वाचकांना खाणीतल्या बाईचा प्रश्न वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

या मांडणीचा गाभा लक्षात घ्या. मूल ही बाईची खासगी भानगड नाही, तो समाजाचा विषय आहे आणि समाजाने त्याचा खर्च उचलायचा असतो. हे तत्त्व पुढे कायद्यात झिरपत गेले. १९४८ च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांच्या केंद्राच्या योजनेत लेकरासह राहण्याची आणि पाळणाघराची सोय धरलेली आहे.

या यादीत विद्यार्थिनी कुठे आहे? कामावर जाणारी आई कायद्याला दिसली, पण वर्गात बसलेली आई दिसली नाही. माती खोदायला गेलेल्या बाईचे लेकरू सांभाळायला माणूस नेमायची तरतूद होते, तीच बाई पुस्तक उघडून बसली तर तिचे लेकरू तिचे एकटीचे. विद्यार्थिनींच्या वसतिगृहात मुलीला खाट मिळते. मुलीच्या कडेवर मूल असेल तर मिळत नाही.

अगदीच काही नाही असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा दिली होती. म्हणजे संशोधनापर्यंत पोचलेल्या बाईला रजा आहे. पण बी.ए.च्या पहिल्या वर्षालाच जिची दमछाक होते तिचे काय? डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने सगळ्या विद्यापीठांना पत्र लिहून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे आणि हजेरीतील सवलतीचे नियम करायला सांगितले. केरळमधल्या महात्मा गांधी विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा दिली. अमेरिकेत, जिथे बाबासाहेब शिकले, तिथे १९९८ पासून गरीब विद्यार्थी-पालकांच्या मुलांना सांभाळण्यासाठी कॉलेजांना केंद्र सरकार पैसे देते.

तेव्हा वाचकांनो, पहिले काम हे करा. आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांना लेखी विचारा : आयोगाच्या २०२१ च्या पत्रावर आपल्याकडे कोणता नियम झाला? तो प्रॉस्पेक्टसमध्ये कोणत्या पानावर आहे? तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे.

आपल्यातलेच आक्षेप

हा विषय आम्ही बैठकांत काढतो तेव्हा जे ऐकायला मिळते, त्याचाही विचार करू.

पहिला आक्षेप : मुक्त विद्यापीठ आहे ना, घरी बसून करावे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले आणि त्याने लाखो बायांना दार उघडले, हे खरेच. ज्ञानगंगा घरोघरी आली. पण बाईसाठी घर ही अभ्यासाची जागा असते का? घरात ती बसली की कुणाला पाणी हवे असते, कुणाला भाकर. रात्री सगळे निजल्यावर पुस्तक उघडले तर लेकरू जागे होते. घरी शिकण्यासाठीही घराबाहेर दोन तास मोकळे लागतात. मुक्त विद्यापीठ असणे आणि बाई मुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप : आता फी माफ आहे, शिष्यवृत्ती आहे, आणखी काय हवे? फी हा अडथळा होताच आणि तो दूर झाला पाहिजे होताच. पण फी माफ केल्याने लेकराजवळ कुणी बसत नाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले सकाळचे काही तास बसतात. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी घरी न्यायचे आहाराचे पाकीट मिळते, सांभाळणारे माणूस मिळत नाही. आणि बाईचे शिक्षण सुटते ते नेमके त्याच तीन वर्षांत.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा : पदवी घेऊन तरी काय होणार, पदवीधर पोरे रिकामी फिरत आहेत. हा आक्षेप पोरांच्या वेळी कुणी काढत नाही. पोराला पुण्याला क्लासला पाठवायचे तर कर्ज काढले जाते. तलाठ्याच्या परीक्षेला, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसायचे तर पदवी लागते. ती नसेल तर हरण्याचीसुद्धा संधी नाही. आणि नोकरी बाजूला ठेवा. वनहक्काच्या दाव्याचा कागद वाचणारी, तेंदूच्या लिलावाचा करार समजून घेणारी, दवाखान्यात डॉक्टरला प्रश्न विचारणारी बाई गावात असणे याची किंमत कुणी कशी काढणार? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, तो गावाने वर्षानुवर्षे अभ्यास केला म्हणून.

चौथा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण तो सगळ्यांत मोठा आहे : बाई शिकली की घर मोडते. हा आपल्या घरातला मनू आहे. तो जाळायला महाडला जावे लागत नाही. बेबी कांबळेंनी ‘जिणं आमुचं’ वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. उर्मिला पवार लग्न, मुले आणि नोकरी सांभाळत एम.ए. झाल्या, आणि बायकोच्या या शिकण्याबद्दलची घरातली नाराजी त्यांनी ‘आयदान’मध्ये लपवली नाही. ही घरे अडाणी नव्हती. या घरांच्या भिंतीवरही बाबासाहेबांचा फोटो होता. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेब तिथे म्हणाले. त्या मोजपट्टीने आपण स्वतःला कधी मोजले?

आणि एक इशारा. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. सोय म्हणून ती वाईट नाही. परत येण्याची वाटही कागदावर आहे. पण मधल्या दाराने बाहेर कोण पडेल? ज्याच्या मागे कुणी रमाई नाही तोच. दहा वर्षांनी आपल्या बाया प्रमाणपत्रावर आणि इतरांची पोरे पदवीवर, असे चित्र दिसले तर त्याला ‘निवड’ म्हणू नका. बाहेर पडण्याची वाट किती सोपी केली यापेक्षा परत येणारीच्या लेकराचे काय केले, हे आपण विचारले पाहिजे.

मग काय करायचे?

मोर्चा काढू, निवेदन देऊ. ते करायचेच. पण उद्या सकाळपासून करता येईल असेही बरेच आहे.

१. विहार उघडा. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. रविवारची वंदना सोडली तर तो बहुतेक वेळ कुलूपबंद असतो. रोज दोन तास तिथे लेकरांसाठी सतरंजी अंथरा आणि बायांसाठी पुस्तके ठेवा. सांभाळायला तरुण पोरांनी पाळी लावावी. पोरांनी, पोरींनी नव्हे. भावाचे लेकरू सांभाळायला पोरींना कुणी शिकवावे लागत नाही.

२. परीक्षेच्या काळात वस्तीने जबाबदारी घ्यावी. पेपरच्या दिवशी लेकरू कोण घेणार, तिला गाडीवर केंद्रापर्यंत कोण सोडणार, त्या दिवशीची पुडकी कोण बांधणार, हे आधी ठरवा. जयंतीची मिरवणूक आपण महिनाभर आधी ठरवतो. हेही जमेल.

३. ग्रामसभेत ठराव घ्या. जिथे ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकतात, जिथे पेसाचा पाच टक्के निधी थेट येतो, तिथे तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघराला पैसे मागा. हा लढा आदिवासी बहिणींचा आणि आपला एकच आहे. दोघींची लेकरे एकाच झाडाखाली झोळीत निजतात.

४. विद्यापीठाकडे तीन मागण्या करा : प्रसूती आणि बालसंगोपनासाठी हजेरीत लेखी सवलत, तेंदू हंगामात अडकलेल्यांसाठी लगेच पर्यायी परीक्षा, परीक्षा केंद्रावर अंगावर पाजणाऱ्या आईसाठी एक खोली. गोंडवाना विद्यापीठानेच ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम काढून शिक्षण सुटलेल्यांना गावात पदवीचे शिक्षण देण्याची वाट दाखवली आहे. म्हणजे इच्छा असली की चौकट बदलते. ती वाट प्रत्येक तालुक्यात, आणि पाळणाघरासह, न्या.

५. नवऱ्यांनो, कार्यकर्त्यांनो, हे तुमच्यासाठी. शिबिरात स्त्रीमुक्तीवर बोलून रात्री अकराला घरी आल्यावर वाढलेले ताट मागू नका. बायकोच्या परीक्षेचे वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे का? नसेल तर पुढचे व्याख्यान रद्द करा आणि आधी ते पाठ करा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. चंद्रपूरच्या मैदानावर त्या दिवशी बाया लेकरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. लेकरे बाहेर ठेवून या, असे त्यांना कुणी म्हटले नाही. धम्म लेकरासह घेता येत होता, मग शिक्षण का नको?

आमच्या अभ्यासिकेचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. बैठक झाली, वाद झाला. दोन पोरांनी आवाजाने अभ्यास होत नाही म्हणून दुसरीकडे जागा शोधली. त्यांचेही चूक म्हणवत नाही. चौथा नियम आम्ही खोडला. विहाराच्या सभागृहात संध्याकाळी सात ते नऊ सतरंजी असते आणि पाळीने दोघे जण बसतात. पहिले आठ दिवस लेकरे रडली आणि पोरे घाबरली. आता बरे चालले आहे. त्या ताईच्या घरी प्रश्नपत्रिका घेऊन आम्ही गेलो तेव्हा ती ओसरीवर पुडकी बांधत होती. आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, “माफीचं राहू द्या दादा, हे सत्तर मोजा.” आम्ही बसलो आणि मोजू लागलो. ती तेवढा वेळ वाचत होती.

उन्हाळी परीक्षेत तिचे दोन विषय राहिले. ते हिवाळीत द्यायचे आहेत. तेव्हा धान कापणीला आलेले असेल. पाळीची यादी आम्ही आत्ताच लावली आहे. तुमच्या विहाराची यादी कधी लागणार?

जय भीम, जय सावित्री, जय रमाई.